टोटोरोच्या आधीचा मियाझाकी: किती मागे जायचं?

चिंचपाणी

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी लेकीला (वय नऊ) 'पांडा कोपांडा' दाखवली. १९७२ सालची, जेमतेम अर्ध्या तासाची फिल्म. मिमिकोची आजी नागासाकीला गेलेली, पोर घरात एकटी, आणि घरात येऊन बसतं पांड्याचं पिल्लू. मागोमाग त्याचा बाप. हा बाप एवढा थोरला, गोल पोटाचा, आणि हसला की तोंड या कानापासून त्या कानापर्यंत. लेक ताडकन उठून बसली. "आई, हा टोटोरोच आहे!"

मियाझाकीच्या चित्रपटातला टोटोरो १९८८ चा, म्हणजे हा पांडा त्याच्याहून सोळा वर्षांनी थोरला. दिग्दर्शन इसाओ ताकाहाताचं, पण कथा-पटकथा आणि दृश्यरचना जपानी अ‍ॅनिमेशनवाल्या हायाओ मियाझाकीची. तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. आपण सगळे मियाझाकी बघायला सुरुवात करतो ती १९८४ च्या 'नौसिका'पासून, नाहीतर थेट टोटोरोपासून. पण १९८५ मध्ये जिब्ली स्टुडिओ निघाला तेव्हा हा माणूस चव्वेचाळीस वर्षांचा होता. तोएई डोगा या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत तो चिकटला १९६३ साली. मधली वीस-बावीस वर्षं तो काय करत होता?

माझं मत असं की पुढचं सगळं त्या वर्षांतच शिजलंय, आणि ते न बघता नुसतं जिब्ली बघणं म्हणजे नाटकाला दुसऱ्या अंकाला जाऊन बसणं. तर प्रश्न दोन. लेकीसोबत बघायचं तर सुरुवात कुठून करू? आणि दुसऱ्याच्या हाताखाली केलेलं कुठलं काम 'त्याचं' म्हणायचं?

वाटसरू७१

झकास विषय. वाचनखूण साठवली आहे, सावकाश लिहितो.

मस्कतची मैना

अगं, मला तर हा धागा बघून भरूनच आलं! माझं लहानपण मस्कतला गेलं. शाळेतून आलं की टीव्हीवर अरबीत 'अदनान व लीना' लागायचं. आम्हा मराठी, मल्याळी, गुजराती पोरांना अरबी येत होतं ते तोडकंमोडकं, पण त्या वेळेला बिल्डिंगमधलं एक मूल खाली खेळायला नसायचं. अदनान म्हणजे पायाच्या बोटांनी विमानाच्या पंखाला लटकणारा मुलगा. त्याचा मित्र अब्सी, सतत खाखा करणारा. आणि दुष्ट अल्लाम, ज्याचं नाव घेऊन आम्ही एकमेकांना घाबरवायचो.

लग्नानंतर पुण्यात आल्यावर नवऱ्याने एकदा कुठूनतरी 'फ्यूचर बॉय कोनन' लावलं, मियाझाकीची १९७८ ची मालिका म्हणून. पहिल्या मिनिटाला मी ओरडले, "हा तर आमचा अदनान!" तोवर तो जपानी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्यासाठी तो अरबच होता.

माझं उत्तर: कोनन. डोळे मिटून कोनन.

रेघोट्या

मी याच धंद्यात आहे, त्यामुळे थोडं लांबण लावणार आहे.

चिंचपाणीताई, मागे जायचंच तर १९६५ पर्यंत जा. तोएईचा 'गलिव्हरची अंतराळसफर' नावाचा चित्रपट आहे. मियाझाकी तेव्हा इनबिटवीनर होता. हे काम काय असतं ते सांगतो. मुख्य अ‍ॅनिमेटर हात खाली असलेलं एक चित्र काढतो आणि हात वर गेलेलं एक. या दोन चित्रांच्या मधली सगळी चित्रं काढायची ती इनबिटवीनरने. रेषा दुसऱ्याची, वेळ दुसऱ्याने ठरवलेली, आपण फक्त मधलं अंतर भरायचं. स्टुडिओत याच्या खाली पायरी नाही. त्याचा तेव्हाचा पगार महिना १९,५०० येन आणि नेरिमातल्या साडेचार ताताम्यांच्या (चटयांच्या) खोलीचं भाडं ६,००० येन.

त्या चित्रपटाच्या शेवटी परग्रहावरची राजकन्या आहे, ती रोबो असते. मूळ आखणीत ती रोबोच राहणार होती. या पोराने जाऊन सुचवलं की तिचं कवच दुभंगू दे आणि आतून जिवंत मुलगी बाहेर येऊ दे. आणि वरच्यांनी ते ऐकलं!

तो क्षण मी कितीदा थांबवून थांबवून पाहिलाय. कठीण, ठोकळेबाज आकार मधोमध उघडतो, आणि आतल्या मुलीची रेघ एकदम मऊ. काही सेकंदांचा खेळ आहे. पण आधी गोष्ट होती यंत्रांच्या ग्रहावरची, या काही सेकंदांनंतर ती होते यंत्रात अडकलेल्या माणसांची. चोवीस वर्षांच्या इनबिटवीनरने अख्ख्या चित्रपटाचा अर्थ फिरवला. माझ्या पहिल्या नोकरीत मी असंच काही सुचवायला गेलो होतो तेव्हा "तू मधली चित्रं काढ" एवढंच ऐकायला मिळालं होतं. त्यामुळे तो शेवट मला फार जवळचा आहे.

सुपारीबाग

धागा छान, पण एक गोष्ट खटकते. पांडा कोपांडा ताकाहाताचा. 'हायडी' मालिका ताकाहाताची. १९६८ चा 'होल्स' चित्रपट ताकाहाताचा. 'आईच्या शोधात तीन हजार मैल' ताकाहाताची. जो माणूस पुढे प्रसिद्ध झाला त्याच्या खात्यावर आधीचं सगळं मांडायचं हे बरोबर नाही. ताकाहाता २०१८ ला गेले तेव्हाही अनेक ठिकाणी त्यांची ओळख 'मियाझाकीचे सहकारी' अशीच करून दिली होती. मला ते फार लागलं होतं. मियाझाकीला घडवणाऱ्या माणसाला त्याचा सहकारी म्हणायचं?

चिंचपाणी

सुपारीबाग, म्हणून तर दुसरा प्रश्न विचारला. तुमचं म्हणणं मला निम्मं पटतं. पण मग हायडीत मियाझाकीने नेमकं केलं काय?

रेघोट्या

लेआउट. बावन्नच्या बावन्न भागांचा.

प्रत्येक शॉटमध्ये कॅमेरा कुठे आहे, डोंगर किती उंच दिसणार, झोपडी कुठे, पोर कुठून शिरणार आणि कुठे पोचणार, हे सगळं एका कागदावर आखायचं. मग पार्श्वभूमीवाले त्यावर रंग भरणार आणि अ‍ॅनिमेटर त्यात पात्रं हलवणार. १९७४ चं अख्खं वर्ष, दर रविवारी एक भाग, आणि हे काम एकाच माणसाच्या हातचं. म्हणून हायडीतला डोंगर भाग बदलला तरी तोच राहतो. आजोबांच्या झोपडीपासून कुरणाकडे जायची वाट आपल्याला आपल्या गल्लीसारखी पाठ होते.

पहिला भाग बघा. मावशीने हायडीच्या अंगावर कपड्यांवर कपडे चढवलेत, कारण गाठोडं कोण वाहणार! पोर घामाघूम होऊन चढ चढतेय. मग बकऱ्या दिसतात, आणि ती एकेक कपडा काढून टाकत शेवटी आतल्या पांढऱ्या झग्यावर पळत सुटते. किती वेळ पळू द्यायचं, कुठे तिला धाप लागू द्यायची, हा निर्णय ताकाहाताचा. ती पळते ती जमीन मियाझाकीची. आता वाटून दाखवा!

ग्योटिंगेनची गौरी

हायडीवर बोलल्याशिवाय राहवेना. जर्मनीत ही मालिका १९७७ पासून टीव्हीवर आहे आणि इथे तिचं शीर्षकगीत न येणारा माणूस सापडणं मुश्कील. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंना मी म्हटलं की ही जपानमध्ये काढलेली आहे, तर त्या ऐकेचनात. "इतकं खरं गवत जपानी लोक कसं काढतील?"

त्याचं उत्तर मला नंतर कळलं. ही मंडळी १९७३ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडला माइनफेल्डला जाऊन प्रत्यक्ष बघून आली होती. टीव्हीवरच्या लहान मुलांच्या मालिकेसाठी तेव्हा असं कोण करत होतं?

आणि शीर्षकगीतात हायडी आणि पीटर हात धरून उड्या मारत जातात ना, त्यासाठी मियाझाकी आणि पात्रं रेखाटणारे योइची कोताबे या दोन बाप्यांनी गाड्या लावायच्या जागेत हात धरून उड्या मारल्या होत्या, आणि त्याचं चित्रण बघून ते काढलं गेलं. मी हे आजीबाईंना सांगितलं तेव्हा त्या पोट धरधरून हसल्या.

अळूवडी

गौरी, =)) आता मला शीर्षकगीत बघताना तेच दिसणार.

बटाटेवडा एक्सप्रेस

एक मजा सांगू का? हायडीतला पीटर, कोनन आणि आपला नोबिता, तिघांनाही जपानीत एकाच बाईंनी आवाज दिलाय: नोरिको ओहारा. म्हणजे विमानाला पायाच्या बोटांनी लटकणारा आणि शाळेत शून्य मार्क मिळवणारा, दोघे एकाच घशातले. घरी पोरांना सांगितलं, तर धाकटा म्हणाला, "कोननला डोरेमॉनची गरजच नाही पडली."

वाटसरू७१

नोबिताचा विषय निघालाच आहे तर माझीही भर. पांडा कोपांडा जिथे झाली त्या 'ए प्रोडक्शन'चंच पुढे १९७६ ला 'शिन-एइ अ‍ॅनिमेशन' झालं, आणि आपल्या पोरांच्या डोळ्यांसमोर रोज असलेला डोरेमॉन आणि शिनचॅन तिथले. आणि कोनन ज्या 'निप्पॉन अ‍ॅनिमेशन'ची, त्यांचाच आपला मोगली.

अळूवडी

थांबा, दूरदर्शनवरचा मोगली? चड्डी पहन के फूल खिला है वाला?

वाटसरू७१

तोच. मालिका जपानमध्ये १९८९ ला आली, दूरदर्शनवर १९९३ ला. गाणं मात्र अस्सल आपलं, गुलजारांचं. रविवारी सकाळी आंघोळी खोळंबायच्या. म्हणजे माझ्या पिढीने मियाझाकीचं नाव ऐकायच्या आधी त्याच्या जुन्या घरातलं अन्न खाल्लेलं आहे.

सुपारीबाग

अवांतर फार झालं. :) होल्सबद्दल कुणीच लिहीत नाहीये, म्हणून मीच लिहितो.

'होल्स: सूर्याचा राजपुत्र' १९६५ ला सुरू झाला आणि २१ जुलै १९६८ ला पडद्यावर आला. कंपनीला तो कितीतरी आधी हवा होता. पार्श्वभूमी समजल्याशिवाय हा चित्रपट कळत नाही. तोएईत तेव्हा कामगार संघटना जोरात होती. १९६४ मध्ये मियाझाकी तिचे मुख्य सचिव होते, ताकाहाता उपाध्यक्ष. यासुओ ओत्सुका हे ज्येष्ठ अ‍ॅनिमेटर. त्यांना कंपनीने मुख्य जबाबदारी देऊ केली तेव्हा त्यांनी अट घातली की दिग्दर्शक ताकाहाताच हवा. मग या मंडळींनी गोष्टही अशीच निवडली: एकट्या वीराने राक्षस मारायचा नाही, गावाने एकत्र येऊन मारायचा. कथेचं मूळ ऐनू लोकांच्या महाकाव्यात आहे, पण चित्रपटात ती उत्तर युरोपात नेली. मियाझाकींच्या नावापुढे 'दृश्यरचना' असं श्रेय आहे. वरच्यांनी सांगितलं म्हणून नव्हे, तर ते आपणहून चित्रांच्या चवडी आणून टाकायचे म्हणून.

सुरुवातच बघा. लांडग्यांच्या कळपाशी एक पोरगा दोरीला बांधलेल्या कुऱ्हाडीने लढतोय, आणि अचानक शेजारची टेकडी उठून उभी राहते. दगडी राक्षस! तो म्हणतो, माझ्या खांद्यात काटा सलतोय. पोरगा वर चढून काटा उपसतो, तर ती गंजकी तलवार निघते.

आणि याच चित्रपटात एक जखमही दिसते. गावावर लांडगे तुटून पडतात, तेव्हा चित्र हलायचंच थांबतं. स्थिर चित्रांवरून नुसता कॅमेरा फिरतो. उंदरांच्या हल्ल्यातही तेच. पैसे आणि वेळ दोन्ही संपले होते. मला ते दोन प्रसंग बघताना दर वेळी पोटात तुटतं. थिएटरात चित्रपट टिकला तो जेमतेम दहा दिवस, आणि ताकाहातांना तोएईत पुन्हा चित्रपट मिळाला नाही.

मस्कतची मैना

सुपारीबाग, तुम्ही लिहिलंय सुरेख, पण खरं सांगू, होल्स मला जडच गेला. मधला भाग ओसाड वाटतो. नऊ वर्षांच्या मुलीला तर नक्कोच. त्यातल्या हिल्डा नावाच्या मुलीचं ते उदास गाणं, एकीकडे खार एकीकडे घुबड, एक म्हणतं चांगली वाग, दुसरं म्हणतं वाईट वाग. मी मोठी असून मला ती रात्री आठवली.

सुपारीबाग

मैनाताई, रात्री आठवली हीच तर तिची ताकद! १९६८ साली मुलांच्या कार्टूनमध्ये अशी मुलगी, जिला गावात राहायचंही आहे आणि गाव जाळायचंही आहे. तिच्याशिवाय पुढची 'मोनोनोके'तली सान नाही आणि नौसिका नाही. पण वयाचं तुमचं बरोबर. बारा-तेराच्या आधी नको.

घाटमाथा

मी सहसा वाचनमात्र असतो, आज लिहितोय. कुणी पिप्पीबद्दल लिहिलेलं दिसलं नाही.

१९७१ मध्ये मियाझाकी, ताकाहाता आणि कोताबे या तिघांनी तोएई सोडली ती स्वीडिश लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या पिप्पी या मुलीच्या गोष्टींवर मालिका करायची म्हणून. मियाझाकी त्यासाठी स्वीडनला गेला. परदेशी पहिल्यांदाच. स्टॉकहोम, गॉटलंड बेटावरचं विस्बी गाव, दगडी तटबंदी, उतरती छपरं, सगळं पाहून आला. लेखिकेने परवानगी दिली नाही. तयार चित्रांचा ढीग तसाच राहिला.

आता परत मिमिकोकडे बघा. लाल केसांच्या ताठ वेण्या, घरात एकटी, कुणाला न घाबरणारी, आनंद झाला की हातांवर उभी राहणारी. पिप्पीला घर मिळालं नाही म्हणून ती टोकियोच्या बाहेर एका बांबूच्या बेटाशेजारी येऊन राहिली. त्यात ऑक्टोबर १९७२ ला चीनहून दोन पांडे उएनोच्या प्राणिसंग्रहालयात आले आणि अख्खं जपान पांडावेडं झालं, म्हणून डिसेंबरात पिक्चर. आणि विस्बीची छपरं? ती १९८९ ला 'किकी'त. झाडूवर बसलेली पोर ज्या शहरावर उतरते ना, त्यात ती आहेत. सतरा-अठरा वर्षं त्याने ते गाव सांभाळून ठेवलं होतं.

एका बाईंच्या 'नाही'मधून किती निघालं!

चिंचपाणी

घाटमाथा, अंगावर काटा आला. तुम्ही वाचनमात्र राहू नका हो.

अळूवडी

लुपांवाले कुठे गेले सगळे? कालिओस्त्रोचं नाव अजून नाही?

रेघोट्या

आलो, आलो. 'कालिओस्त्रोचा किल्ला', डिसेंबर १९७९, लुपां या चोराचा चित्रपट, आणि मियाझाकीचा चित्रपट-दिग्दर्शक म्हणून पहिला. त्यावर बरंच लिहिलं गेलंय, म्हणून मी फक्त त्याच्या मागचा धागा सांगतो. १९६९ च्या तोएईच्या 'बूट घातलेलं मांजर'मध्ये शेवटी किल्ल्यात जी पळापळ आहे, जिने, बुरूज, कोसळणारे पूल, ती अ‍ॅनिमेट करणाऱ्यांत ओत्सुका आणि मियाझाकी होते. दहा वर्षांनी तोच किल्ला, तीच उंची, फक्त मांजराच्या जागी लुपां. दोन्ही पाठोपाठ बघा, मांडी घालून, एका संध्याकाळी. लुपांची पिवळी छोटी फियाट ५०० ही ओत्सुकाच्या स्वतःच्या गाडीवरून, आणि नवरीच्या वेषात क्लॅरिस जी पळवते ती सिट्रोन २सीव्ही मियाझाकीच्या पहिल्या गाडीवरून.

चित्रपट तेव्हा चालला नाही. आज ज्याच्या नावाने लोक जपानला जातात, त्याला त्यानंतर काही वर्षं पिक्चर मिळेना.

सुपारीबाग, तुमच्या श्रेयाच्या मुद्द्यासाठी आणखी एक. १९७१ ची पहिली लुपां मालिका मध्येच ताकाहाता आणि मियाझाकीच्या हाती आली, तर पडद्यावर नाव काय? 'ए प्रोडक्शन दिग्दर्शक गट'. दोघांचंही नाव नाही. आणि १९८० च्या दुसऱ्या मालिकेतले दोन भाग त्याने टोपणनावाने केले. त्यातल्या शेवटच्या भागात लांब हातांचा एक उडता रोबो येतो. मियाझाकीच्या पुढच्या 'लापुता' चित्रपटातला माळी रोबो आठवा. तोच तो.

सुपारीबाग

हे 'दिग्दर्शक गट' मला माहीत नव्हतं. मग मी माझं म्हणणं थोडं बदलतो. त्या काळातलं काम कुणा एकाच्या खात्यावर मांडायचंच नाही. ओत्सुका, अ‍ॅनिमेटर यासुजी मोरी, कोताबे, ताकाहाता, मियाझाकी असंच म्हणायचं, पाचही नावं. ओत्सुकाही २०२१ ला गेले, नाव कुणी घेत नाही. निदान आपण इथे घेऊ.

बटाटेवडा एक्सप्रेस

सुपारीबाग यांना +१.

मस्कतची मैना

बरं, लेकीचं काय ठरलं? मूळ प्रश्न राहिलाच. माझा कोननचा हट्ट कायम आहे. सव्वीस भाग आहेत, रोज एक लावा. पहिला नुसता समुद्र आणि बेट आहे. कोनन पाण्याखाली जाऊन मोठ्या माशाशी झुंजतो, वर येतो तर किनाऱ्यावर लाना (आमची अरबीतली लीना) पडलेली. त्यानंतर कुणाचं मूल उठून गेलंय असं मी पाहिलेलं नाही.

घाटमाथा

कोनन हवीच, पण आधी पांड्याचा दुसरा भाग दाखवा, 'पावसातली सर्कस', १९७३. वाट बघायला लावू नका, बाहेर पाऊस आहे तोवरच.

चिंचपाणी

मंडळी, परत आले. घाटमाथांचं ऐकलं. शनिवारी इथे धो धो लागला होता, दुपारी दिवे गेलेले, लॅपटॉपची बॅटरी होती तेवढ्यावर बघितली.

रात्रीत पूर येतो. सकाळी मिमिको खिडकीतून बघते तर अख्खं गाव पाण्याखाली. पण पाणी गढूळ नाही हो, काचेसारखं. खाली रस्ते दिसतात, कुंपणं दिसतात, त्यांवरून मासे जातात. मग ही मंडळी पलंगाचीच होडी करतात आणि सर्कशीतली जनावरं सोडवायला निघतात. लेकीने तिथे थांबवायला लावलं आणि म्हणाली, "आई, पोन्यो!" २००८ च्या पोन्योमधलं बुडलेलं गाव तिला आधीच माहीत होतं ना. पस्तीस वर्षांचं अंतर तिने एका क्षणात बांधलं, मी काहीही न सांगता.

मग मी तिला गलिव्हरच्या राजकन्येची गोष्ट सांगितली, रेघोट्यांनी लिहिली तशी. तिने विचारलं, तेव्हा तो कितवीत होता? म्हटलं, नोकरीला लागला होता, पण सगळ्यात खालच्या जागेवर. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग ज्याने ऐकलं तो पण चांगला होता."

आता पलंगाला वल्ही लावायचं काम चालू आहे. दोन झाडू गेलेत. कोननचा पहिला भाग आज रात्री, मैनाताई.

मस्कतची मैना

पायाच्या बोटांचं काय ते बघून मला लगेच कळव!